तांत्रिक मुलाखत आणि आपली मुले
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी व पालक सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेत बोलण्यासाठी कार्यवाहांनी माझी योजना केली, तेव्हा ज्या विषयावर एखाद्या अभियंत्याने बोलावयाचे त्यावर माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराने काय बोलावे, असे मी त्यांस विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, अभियंते मुलांना सांगतील. पालकांना कोणी सांगावयाचे?" त्यांचे म्हणणे मला पटले. माझे काही जुने विद्यार्थी आज अभियंते आहेत. सुट्टीत गावी आले म्हणजे ते आवर्जून भेटावयास येतात, आणि मी त्यांस एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारीत आलो आहे : "बाबा रे, तुला त्या खोलीत नेमके काय विचारले, आणि तू काय सांगितलेस?" त्यांची उत्तरे मी एका वहीत टिपून ठेविली आहेत. ती वही हेच माझे आजचे भांडवल होय.

दर वर्षी ह्याच व्यासपीठावर आपण गुणवंतांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, टाळ्यांचा गजर, सारे यथासांग होते. परंतु त्यांपैकीच एखादा मुलगा अभियांत्रिकीची उत्तम पदवी घेऊन दोन-दोन वर्षे घरी बसलेला आपण पाहतो. "लेखी परीक्षेत उत्तम होता हो, पण मुलाखतीत राहिला," असे त्याचे वडील सांगतात, आणि पुढे हळूच म्हणतात, "आपली कोणाची ओळख नाही ना!" मुलाखत म्हणजे दैवाचा खेळ किंवा वशिल्याचा बाजार, अशी समजूत आपल्या अनेक घरांत रुजली आहे. ही समजूत मुलांच्या पायांतील बेडी ठरत आहे. तांत्रिक मुलाखत ही शिकता येण्यासारखी विद्या आहे, आणि तिचा पहिला धडा घरात दिला जातो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पूर्वीचा काळ निराळा होता. भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. त्या काळी अभियंत्यांची संख्याच इतकी थोडी होती की, परीक्षेतील क्रमांक हीच पुरेशी शिफारस ठरे. आज एका जागेसाठी शेकडो पदवीधर उभे असतात आणि सर्वांच्या हातांत जवळजवळ सारखीच गुणपत्रिका असते. म्हणून गुणांनी दार उघडते, पण आत प्रवेश मिळावयाचा तर समोरासमोर बसून आपले ज्ञान पारखून घ्यावे लागते.

ह्या वाटेवरील टप्पे पालकांस ठाऊक असावेत म्हणून थोडक्यात सांगतो. पहिला टप्पा बहुधा 'गेट' ह्या परीक्षेचा. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि ७ आय. आय. टी. मिळून ही परीक्षा घेतात. तीत ३ तासांत १०० गुणांचे ६५ प्रश्न सोडवावे लागतात आणि तिचे गुण ३ वर्षे ग्राह्य असतात. अनेक सरकारी उद्योग ह्या गुणांवरून उमेदवारांस मुलाखतीस बोलावितात. दुसरा मार्ग संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेचा. तेथे पूर्वपरीक्षेस ५००, मुख्य परीक्षेस ६०० आणि व्यक्तिमत्त्व चाचणीस २०० असे एकूण १३०० गुण असतात. स्थापत्य, यंत्र, विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अशा चार शाखांसाठी ही परीक्षा होते. वरवर पाहता १३०० मध्ये २०० म्हणजे थोडेच, असे वाटेल. परंतु जेथे एकेका गुणासाठी चढाओढ असते, तेथे हे २०० गुण पुष्कळ उलथापालथ करू शकतात.

ह्याहून कठीण अशी एक पद्धत आपल्या मुंबईतच आहे, आणि तिचे उदाहरण मला अधिक बोधप्रद वाटते. १९५६ च्या ऑगस्ट महिन्यात ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. भट्टी उभी राहिली, परंतु पुढील भट्ट्या बांधण्यास आणि चालविण्यास माणसे कोठून आणावयाची? त्या काळच्या महाविद्यालयांत ही विद्या शिकविली जात नव्हती. म्हणून डॉ. होमी भाभा यांनी १९५७ साली तेथे प्रशिक्षण शाळा सुरू केली. निरनिराळ्या शाखांचे नवे पदवीधर निवडावयाचे, त्यांस वर्षभर कसून शिकवावयाचे आणि मग कामावर घ्यावयाचे, अशी ती योजना. संस्थेस भाभांचे नाव १९६७ साली देण्यात आले आणि ती शाळा आजही चालू आहे. मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मधून १९६३ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अनिल काकोडकर ह्याच शाळेतून १९६४ साली भाभांच्या संस्थेत दाखल झाले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

ह्या शाळेच्या निवडीचा शिरस्ता लक्षात घेण्याजोगा आहे. गेटचे गुण किंवा संस्थेची स्वतंत्र लेखी परीक्षा ही केवळ चाळणी. त्या चाळणीतून खाली उतरलेल्यांची अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर होते. म्हणजे दारातून आत पाऊल टाकताच मागचे गुण पुसले गेले आणि पाटी कोरी झाली असे समजावयाचे! जो पहिला आला तो आणि जो कसाबसा चाळणीतून निसटला तो, दोघेही एका पंक्तीस बसतात. ही मुलाखत पाच-दहा मिनिटांत आटोपत नाही. पाऊण तास, तासभर, क्वचित त्याहूनही अधिक वेळ विषयातील जाणती माणसे समोर बसून प्रश्न विचारतात. उमेदवारास कागद किंवा फळा देतात, आवडीचे विषय कोणते ते त्यालाच विचारतात, आणि मग त्याच विषयांच्या तळापर्यंत त्यास घेऊन जातात.

हे तळापर्यंत नेणे म्हणजे काय, ते आपल्या माताभगिनींस माझ्याहून चांगले कळेल. कारण माझ्या वहीतील पहिला प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. "कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते?" हा तो प्रश्न. 'वाफेमुळे' असे उत्तर आले तर परीक्षक म्हणतात, "वाफ तर उघड्या पातेल्यातही असते." मग उमेदवाराने सांगावे की, झाकण घट्ट असल्याने आतील दाब वाढतो, दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांच्या पाण्यात डाळ शिजते. येथे प्रश्न संपला असे वाटते, पण खरा आरंभ येथूनच होतो. "हा दाब दुप्पट झाला हे कशावरून? शिट्टीचे वजन आणि तिच्याखालील भोक यांवरून हिशेब करून दाखव." तो हिशेब झाला की, "महाबळेश्वरास उघड्या पातेल्यातील डाळीस वेळ अधिक का लागतो?" आणि शेवटी, "तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीतील जड पाणी सुमारे ३०० अंशांपर्यंत तापते, तरी ते उकळून त्याची वाफ का होत नाही?" आता कुकर कोठे आणि तारापूर कोठे! परंतु तत्त्व तेच. तेथे ते पाणी वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ शंभरपट दाबाखाली कोंडलेले असते. ज्यास कुकर खरोखर समजला, तो चाचपडत का होईना, तारापूरपर्यंत चालत जातो. ज्याने व्याख्या पाठ केली, तो दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतो.

दुसरे उदाहरण माझ्या शाळेतल्या फूटपट्टीचे. पट्टी आडवी धरून दाबली की वाकते. तीच उभी धरून दाबली तर वाकत नाही. का? पट्टीची रुंदी जाडीच्या दहापट असेल, तर उभी पट्टी आडवीपेक्षा शंभरपट ताठ असते. इमारतीची लोखंडी तुळई इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराची का करतात, ह्याचे उत्तर ह्या पट्टीत दडलेले आहे. वाकताना सर्वांत अधिक ताण वरच्या आणि खालच्या कडेवर पडतो, मधल्या भागावर थोडाच. म्हणून लोखंड कडांना घालावयाचे आणि मध्ये वाचवावयाचे. विद्युत् शाखेच्या मुलास विचारतात, कोयनेची वीज दूर नेताना तिचा दाब इतका का चढवितात? दाब दुप्पट केला म्हणजे तितकीच वीज नेण्यास निम्मा प्रवाह पुरतो आणि तारा तापून होणारी हानी चौथाईवर येते, हे उत्तर बरोबर. लगेच पुढचा प्रश्न येतो : "मग वाटेल तितका दाब का चढवीत नाही?" तेव्हा मनोऱ्यांची उंची, विद्युत्‌रोधकांचा खर्च, तारेभोवतालच्या हवेतून होणारी गळती यांचा विचार त्याला करावा लागतो. एकाच दिशेने पळणाऱ्या बुद्धीस मागे वळून पाहता येते की नाही, ते येथे पाहिले जाते.

आपली पुष्कळ मुले आता संगणकाच्या धंद्यात आहेत. तेथील मुलाखतीचा घाट निराळा, पण मर्म हेच. तेथे एकामागून एक तीन-चार फेऱ्या होतात. परीक्षकासमोर संगणकाची आज्ञावली लिहावयाची आणि लिहिता लिहिता आपण काय विचार करीत आहोत ते मोठ्याने सांगावयाचे असते. एक लाख नावांच्या यादीतून एक नाव शोधावयाचे आहे असे समजा. पहिल्यापासून एकेक पाहत गेल्यास एक लाख वेळा पाहण्याची पाळी येईल. परंतु नावे वर्णानुक्रमे लावलेली असतील, तर शब्दकोशाप्रमाणे मधोमध उघडून निम्मा भाग सोडून द्यावा, उरलेल्याच्या पुन्हा मधोमध पाहावे, असे केल्याने १७ वेळा पाहण्यात काम होते. ही युक्ती पुस्तकात असते आणि सर्वांना पाठही असते. "यादी वर्णानुक्रमे नसेल तर? रोज हजार नवी नावे येऊन पडत असतील तर?" असे विचारले की पाठांतर संपते आणि विचार सुरू होतो.

आता विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे असा मुद्दा सांगतो. अशा प्रत्येक मुलाखतीत एक क्षण असा येतो की, उमेदवारास उत्तर ठाऊक नसते. तो यावा म्हणूनच प्रश्न अधिकाधिक कठीण करीत नेलेले असतात, कारण ज्ञानाची सीमा कोठे आहे हे सीमेपर्यंत गेल्यावाचून कळत नाही. त्या क्षणी काही मुले गप्प होतात, काही बिनदिक्कत थापा मारतात. दोन्ही घातक. "हे मला ठाऊक नाही, परंतु अमुक तत्त्वावरून विचार केला तर असे असावे असे वाटते," हे वाक्य उच्चारण्यास धैर्य लागते, आणि परीक्षकांस तेच हवे असते. जो अभियंता ठाऊक नसताना ठाऊक असल्याचे सोंग करतो, त्याच्या हाती पूल, बॉयलर किंवा अणुभट्टी कशी सोपवावी? तेथे थाप चुकली तर गुण जात नाहीत, प्राण जातात.

माझ्या वहीतील एक हकीकत सांगतो. माझा एक विद्यार्थी, किराणा दुकानदाराचा मुलगा, एका मोठ्या तांत्रिक संस्थेच्या मुलाखतीस गेला. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बाजारातून तयार विकत आणला होता. शहरांत अशी दुकानेच आहेत! परीक्षकांनी फार काही विचारले नाही. "ही मोटर एवढ्याच शक्तीची का निवडलीस?" इतकेच. त्या एका प्रश्नापुढे चार वर्षांचे प्रथम वर्गाचे गुण फिके पडले. मुलगा घरी आला आणि चार दिवस कोणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने तो प्रकल्प खोलून सुटा केला आणि त्याचा प्रत्येक भाग का व कसा, ते स्वतः शोधून वहीत लिहून काढले. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या ठिकाणी निवडला गेला. त्याच्या वडिलांचे मला विशेष कौतुक वाटते. त्या चार दिवसांत त्यांनी त्यास एकही कठोर शब्द ऐकविला नाही, की गावात कोणापाशी त्याची रड सांगितली नाही. त्या घरात दुसरे बोलणे झाले असते तर तो मुलगा पुन्हा उभा राहिला असता की नाही, कोण जाणे.

येथून मी पालकांकडे वळतो. मूल चार-पाच वर्षांचे असताना दिवसातून पन्नास वेळा 'का' विचारते. आपण दमलेले असतो आणि "गप्प बस, मोठ्यांपुढे बोलू नये," असे म्हणतो. शाळेत उत्तर पाठ करणारास शाबासकी मिळते आणि प्रश्न विचारणारा आगाऊ ठरतो. वीस वर्षे गप्प बसण्याचे शिक्षण दिल्यावर एकविसाव्या वर्षी चार अनोळखी विद्वानांपुढे त्याने निर्भयपणे बोलावे, अशी अपेक्षा आपण कशी करावी? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरी गोष्ट वशिल्याची. ओळखीने कोठेच काही होत नाही असे मी म्हणणार नाही; जग मीही पाहिले आहे. परंतु ज्या खोलीत तासभर फळ्यासमोर उभे राहावयाचे आहे, तेथे कोणाची चिठ्ठी काय उपयोगाची? आपण ओळखीमागे धावू लागलो की मुलाचा स्वतःवरील विश्वास जातो. 'काम करून देतो' असे सांगणारे दलाल नेमके अशाच घरांच्या शोधात असतात. शेत गहाण टाकून दिलेले पैसे गेले आणि नोकरीही मिळाली नाही, अशी उदाहरणे ह्या सभागृहातील मंडळींस सांगावयास नकोत.

तिसरी गोष्ट मुलींची. चाळणी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीस मुंबईहून किंवा हैदराबादहून बोलावणे आले की घरात पहिला प्रश्न तयारीचा निघत नाही. सोबत कोण जाणार, उतरावयाचे कोठे, आणि इतक्या दूर नोकरी लागली तर स्थळांचे काय, असे प्रश्न निघतात. त्या चर्चेतच आठवडा जातो आणि मुलगी मनाने अर्धी हरूनच गाडीत बसते. भगिनींनो, त्या आठवड्यात तिला पाणी भरावयास आणि पाहुण्यांची उठबस करावयास लावू नका. तो आठवडा तिचा आहे.

विद्यार्थ्यांस तयारीविषयी थोडेच सांगतो. सर्व विषय वरवर चाळण्यापेक्षा चार विषय तळापासून शिका. शिकलेली प्रत्येक गोष्ट शेजारच्या आठवीतल्या मुलास समजेल अशी सांगून पाहा. जेथे तुम्ही अडाल तेथे तुमचे अज्ञान आहे. आकृती काढल्यावाचून उत्तर देऊ नका. आकडा सांगताना त्याचे परिमाण सांगा. घरातील पंखा किती वॅटचा, टाकीत पाणी किती लिटर, जिन्याची उंची किती, हे अंदाज रोज करीत जा. आणि इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मुलाखतीत बहुधा इंग्रजीत बोलावे लागते हे खरे. परंतु तेथे लहान, सरळ, शुद्ध वाक्ये पुरतात. पल्लेदार इंग्रजीने चुकीचा हिशेब बरोबर ठरत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने रोज अर्धा तास आपला विषय मोठ्याने इंग्रजीत बोलण्याचा परिपाठ सहा महिने ठेविला, तर त्याची जीभ सैल होते, हा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवितो. आपल्या ज्ञातीत अभियंते आता पुष्कळ आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने वर्षातून दोन रविवार द्यावेत आणि मंडळाच्या सभागृहात मुलांच्या सराव-मुलाखती घ्याव्यात. जे परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांनी दूरध्वनीच्या पडद्यावरून घ्याव्यात. त्यासाठी एक फळा, एक टेबल आणि चार खुर्च्या पुरेत. ते सारे आपल्यापाशी आहे. दुसरी सूचना अशी की, मुलाखतीसाठी मुंबईस येणाऱ्या मुलामुलींची दोन रात्रींची सोय सभासदांच्या घरी व्हावी आणि तशा घरांची यादी ह्याच स्मरणिकेत छापावी. तिसरी सूचना काहींस चमत्कारिक वाटेल. गुणवंतांच्या सत्काराच्या वेळी त्या वर्षी मुलाखत देऊन परत आलेल्या, परंतु निवड न झालेल्या मुलांसही पहिल्या रांगेत बसवावे आणि त्यांच्याकडून तेथे काय विचारले गेले ते ऐकून घ्यावे. त्यांनी जे पाहिले आहे ते पदकविजेत्यांनी अद्याप पाहिलेले नाही. त्यांचा अनुभव मागाहून जाणाऱ्यांस दिव्यासारखा उपयोगी पडेल, आणि आपण टाकून दिलेले नाही, एवढे त्यांनाही कळेल.

ह्या सूचनांपैकी निदान पहिली आजच मान्य व्हावी आणि येत्या महिन्यातील एक रविवार सभा संपण्यापूर्वी मुक्रर करावा, अशी अध्यक्ष महाराजांस माझी विनंती आहे. त्या दिवशी फळा पुसण्याचे काम माझ्याकडे असावे. ते मला चांगले येते.